कार्थेजमधील पतितांचा निवाडा

दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ काढू जाणाऱ्याने आधी स्वतःच्या डोळ्यातील मुसळ पाहावे, हा येशूचा दृष्टांत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. व्यासपीठावरून तो सांगणे सोपे. परंतु संकटकाळी साथ सोडून गेलेला माणूस संकट टळताच पुन्हा दारात येऊन उभा राहिला, तर त्याला आत घ्यावे की नाही? हा प्रश्न इ. स. २५१ मध्ये उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती मंडळीपुढे खरोखरीच उभा राहिला.

त्याच्या आदल्या वर्षी रोमन सम्राट डेशियस याच्या फर्मानानुसार साम्राज्यातील प्रजेने देवतांना बली अर्पण करून तसा दाखला घ्यावयाचा होता. ईजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले मिळाले आहेत. थेट आपल्या कचेरीतील कागद! एकात तर बहात्तर वर्षांच्या अर्जदाराच्या उजव्या भुवईवरील व्रणाचीही नोंद आहे. रोमचा बिशप फेबियन याचा या छळात अंत झाला. कार्थेजचा बिशप सिप्रियन लपून राहिला. तेथील चौकात मात्र बली देण्यासाठी लोकांची एवढी झुंबड उडाली की, संध्याकाळी अधिकारी 'आता उद्या या' म्हणू लागले, तरी लोक हटेनात. हे सिप्रियननेच लिहून ठेवले आहे.

वर्षभरात छळ ओसरला आणि हे 'पतित' परत येऊ लागले. तुरुंगात यातना सोसलेल्या वीरांकडून काहींनी शिफारसपत्रे आणली. 'अमुक व त्याचे घरचे' अशा मोघम शब्दांत, म्हणजे घरचे किती याचा पत्ताच नाही! सिप्रियनला ही उधळपट्टी मानवली नाही. उलट रोममध्ये नोव्हेशियन नावाचा विद्वान पुरोहित म्हणत होता की, यांना मंडळीत क्षमाच नाही.

सिप्रियनने जो मार्ग काढला त्याचे मर्म मला त्याच्या एका दीर्घ पत्रात दिसते. सर्व पापे सारखीच, असे मानणाऱ्या स्टोइक तत्त्वज्ञांना तो तेथे स्पष्ट विरोध करतो. एकजण आपण होऊन धावत गेला, दुसरा पुष्कळ झगडून मग नमला. एकाने बायकामुलांनाही वेदीकडे ओढले. दुसऱ्याने स्वतः एकट्याने जाऊन घरच्यांना आणि आश्रितांना वाचविले. तिसऱ्याने बली न देता पैसे मोजून नुसता दाखला मिळविला. यांना एकाच मापाने कसे मोजावे? बोना नावाच्या स्त्रीची हकीकत त्याच्या पत्रव्यवहारातच आहे. नवऱ्याने तिला ओढत नेले, तिचे हात धरून विधी उरकला. ती ओरडून सांगत होती की हे मी केले नाही, तुम्ही केले. तिला हद्दपार व्हावे लागले. कागदोपत्री तीही बली देणारीच!

२५१ च्या परिषदेत ठरले ते असे: दाखला विकत घेणाऱ्यांना चौकशीअंती आत घ्यावे, बली देणाऱ्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे, मरणसमयी त्यांना अव्हेरू नये. पुढे दोनेक वर्षांतच नव्या छळाची चाहूल लागली, तेव्हा प्रायश्चित्त करीत असलेल्यांना लगेच प्रवेश दिला गेला. ज्यांनी उद्या प्राण द्यावेत अशी अपेक्षा, त्यांना आज दाराबाहेर ठेवायचे कसे, हा त्यामागील विचार.

सिप्रियनला साधुपुरुष करून सोडण्याचे कारण नाही. पळून गेल्याचा ठपका त्याच्यावरही होता, आणि पंथ सोडून गेलेल्यांच्या बाबतीत तो चांगलाच कठोर राहिला. त्यांचा बाप्तिस्मा तो मानीतच नसे; त्यावरून २५६ मध्ये रोमच्या स्टीफनशी त्याचे कडाक्याचे भांडण झाले. १४ सप्टेंबर २५८ रोजी कार्थेजमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्या वेळी तो पळाला नाही.

नोव्हेशियनचे अनुयायी स्वतःला 'शुद्ध' म्हणवीत आणि शतकानुशतके टिकले. ३२५ च्या निकेया परिषदेने त्यांच्या पुरोहितांना परत येण्याची वाट दिली, पण एक अट घातली: पतितांच्या पंगतीला बसू, असे लेखी द्यावे.