पैठणीचं उत्तर 'येवला' का नाही? समसंबंधाचे प्रश्न असे सोडवा

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत 90 मिनिटांत 100 प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम 54 सेकंद. बुद्धिमत्ता चाचणीतले समसंबंधाचे प्रश्न इथे झटपट गुण देतात आणि घाई केली तर तेच गुण हुकतातही.

समसंबंध म्हणजे काय?

पहिल्या दोन शब्दांत जो संबंध आहे, तोच दुसऱ्या जोडीत जुळवायचा. यातला एक नेहमीचा प्रकार म्हणजे 'वस्तू आणि तिचा गट'.

कोल्हापुरी : चप्पल :: पैठणी : ?
पर्याय: येवला, रेशीम, साडी, वस्त्र

चारही शब्दांचा पैठणीशी संबंध आहे. मग निवडायचं कसं?

आधी वाक्य करा

'कोल्हापुरी हा चपलेचा एक प्रकार आहे.' हेच वाक्य पैठणीला लावा. येवला हे ठिकाण आणि रेशीम हा धागा, म्हणून दोन्ही बाद. उरले साडी आणि वस्त्र. पैठणी वस्त्रही आहेच, पण चपलेच्या तोडीचा, जवळचा गट म्हणजे साडी. उत्तर: साडी.

गट की भाग?

'मोगरा : फूल' आणि 'पाकळी : फूल' या जोड्या सारख्या वाटतात. पण 'मोगरा हे एक फूल आहे' म्हणता येतं, 'पाकळी हे एक फूल आहे' म्हणता येत नाही. पाकळी हा फुलाचा भाग आहे. क्रमही पाहा: पहिल्या जोडीत गट आधी असेल, तर दुसरीतही आधीच हवा.

नावावर जाऊ नका

चिमणी : पक्षी :: देवमासा : ?

नावात 'मासा' असला तरी देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लांना दूध पाजतो. उत्तर: सस्तन प्राणी. तसंच 'बटाटा : खोड :: रताळे : ?' याचं उत्तर मूळ. दोन्ही जमिनीखाली वाढतात, पण बटाटा हे खोड आहे.

गटाचं नावच नसेल तर?

सतार : वीणा :: तबला : ?
पर्याय: बासरी, सरोद, पखवाज, सनई

सतार आणि वीणा ही दोन्ही तंतुवाद्यं. सरोदही तंतुवाद्यच, म्हणून हात तिकडे जातो. पण जोडी तबल्याची लावायची आहे. चामड्यावर थाप देऊन वाजणारं वाद्य एकच: पखवाज.

दोन पर्याय बरोबर वाटले, तर वाक्य आणखी नेमकं करा. बहुतेक वेळा त्यातला एक तिथेच गळतो.