मोटारसायकलची घरगुती सामानपेटी

मोटारसायकलची घरगुती सामानपेटी म्हणजे कारखान्यात तयार झालेल्या पेट्यांऐवजी सहज मिळणारे डबे, कॅन, पत्रा, प्लायवूड किंवा कापड वापरून चालकाने स्वतः अथवा स्थानिक कारागिराकडून बनवून घेतलेली सामान वाहण्याची सोय होय. मागील चाकाच्या दोन्ही बाजूंना टांगलेल्या जोडपेट्या, आसनामागील कॅरिअरवर बसवलेली वरची पेटी आणि आसनावरून दोन्हीकडे सोडलेल्या पिशव्या हे तिचे तीन मुख्य प्रकार आहेत. कमी खर्च, सोपी दुरुस्ती आणि गरजेनुसार ठरवता येणारा आकार यांमुळे लांब पल्ल्याचे प्रवासी तसेच रोजच्या मालवाहतुकीवर पोट असणारे व्यावसायिक तिचा वापर करतात.

पार्श्वभूमी

जनावराच्या पाठीवर दोन्ही बाजूंना सारखे ओझे टांगण्याची पद्धत मोटारसायकलपेक्षा कितीतरी जुनी आहे. मराठीतील ‘पडशी’ हा शब्द दोन्हीकडे कप्पे असलेल्या अशाच पिशवीसाठी वापरला जातो. बाजूच्या पेटीसाठी रूढ असलेला ‘पॅनिअर’ हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला असून त्याचे मूळ पावाच्या टोपलीसाठी असलेल्या लॅटिन शब्दात आहे.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकड्यांवर कॅन टांगून दूध वाहून नेणारे दूधवाले सर्वत्र दिसतात. ही सांगाडा व आकड्यांची रचना बहुधा गावातील किंवा तालुक्यातील वेल्डिंगच्या दुकानात तयार होते.

साहित्य

पेटीसाठी साहित्य निवडताना वजन, ताकद, पाण्यापासूनचे संरक्षण आणि उष्णता सहन करण्याची क्षमता पाहिली जाते. ४५ सेंमी लांब, ३८ सेंमी उंच व २५ सेंमी रुंद अशा सुमारे ४३ लिटर क्षमतेच्या पेटीचे सांधे व कड्या वगळून वजन साधारणपणे पुढीलप्रमाणे भरते.

• १.५ मिमी जाडीचा अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा: सुमारे ३ किलो
• ९ मिमी जाडीचे प्लायवूड: सुमारे ४ किलो
• १ मिमी जाडीचा लोखंडी पत्रा: सुमारे ६ किलो

अ‍ॅल्युमिनिअम हलके असले तरी त्याचे वेल्डिंग साध्या दुकानात होत नाही. म्हणून घरगुती पेटीत पत्रा वाकवून कोपऱ्यांना अँगल लावतात आणि पॉप रिव्हेट मारतात. सांध्यांत सिलिकॉन सीलंट भरल्यास पाणी आत शिरत नाही. प्लायवूड कापण्यास सोपे असते, परंतु कडा रंगवून बंद न केल्यास ते पावसाळ्यात फुगते.

तयार डब्यांचा पुनर्वापर हा सर्वांत स्वस्त मार्ग होय. २० लिटरच्या प्लास्टिक कॅनची एक बाजू कापून तेथे बिजागरीचे झाकण बसवले जाते. अमेरिकेत लष्कराने वापरून विक्रीस काढलेले काडतुसांचे लोखंडी डबे लोकप्रिय आहेत. त्यांच्या झाकणाला रबरी गॅस्केट असल्याने ते पाणी आत येऊ देत नाहीत, मात्र ते जड असतात. रसायने किंवा कीटकनाशके साठवलेले कॅन अन्न अथवा कपडे ठेवण्यासाठी वापरणे धोकादायक असते.

सांगाडा व जोडणी

पेटीपेक्षा तिला धरणारा सांगाडा अधिक महत्त्वाचा असतो. तो सहसा लोखंडी पाइप किंवा चौकोनी नळीचा बनवतात आणि मागील कॅरिअर, शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा वरचा बोल्ट तसेच मागच्या पायटेकणाचा कंस अशा मूळ जागांवर बोल्टने बसवतात. वाहनाच्या चौकटीला थेट वेल्डिंग केल्यास तेथील धातू कमकुवत होऊ शकतो. वाहनावर वेल्डिंग करणे अपरिहार्य असेल, तर त्याआधी बॅटरीची जोडणी काढली जाते. डावा व उजवा सांगाडा मागून आडव्या पट्टीने जोडल्यास खड्ड्यांमधून जाताना पेट्या आत-बाहेर हेलकावत नाहीत. सततच्या कंपनांमुळे साध्या चाक्या सैल होतात. म्हणून नायलॉनचे कडे असलेल्या लॉकनट वापरतात आणि पातळ पत्र्याच्या आतून मोठे वॉशर लावतात.

सायलेन्सरच्या बाजूची पेटी विशेष काळजीने बसवावी लागते. पेट्या व कॅनसाठी वापरले जाणारे पॉलिइथिलीन सुमारे १३० अंश सेल्सिअसला, तर पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंशांना वितळते. दोन्ही त्याआधीच मऊ पडतात. त्यामुळे पेटी व सायलेन्सर यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवून मध्ये पत्र्याचा आडोसा बसवला जातो.

वजनाची विभागणी

सामान जितके खाली आणि दोन चाकांच्या मध्याकडे असेल, तितके वाहन स्थिर राहते. मागील आसाच्याही मागे ठेवलेले वजन तरफेसारखे काम करून पुढच्या चाकावरील भार कमी करते. त्यामुळे वेगात हँडल हलके लागते आणि वाहन डोलू लागते. म्हणून जड हत्यारे व सुटे भाग बाजूच्या पेट्यांच्या तळाशी, तर कपडे वरच्या पेटीत ठेवण्याची पद्धत आहे. सायलेन्सरमुळे एक पेटी अधिक बाहेर बसत असल्यास त्या बाजूचे वजन थोडे कमी ठेवतात. उत्पादकाने दिलेल्या भारमर्यादेत चालक, सहप्रवासी, सांगाडा आणि पेट्या या सर्वांचे वजन धरलेले असते.

सुरक्षितता

कठीण पेटीचा मुख्य धोका चालकाच्या पायाला असतो. खडकाळ किंवा चिखलाच्या रस्त्यावर पाय जमिनीला टेकला आणि वाहन पुढे सरकले, तर पोटरी पेटीखाली अडकून हाड मोडू शकते. पेटी पायापासून पुरेशी मागे ठेवणे आणि कडा गोल करणे हे त्यावरील उपाय आहेत. ताडपत्री किंवा कॅनव्हासच्या पिशव्यांमध्ये हा धोका कमी असतो. परंतु आधाराचा सांगाडा नसल्यास त्या चाकात ओढल्या जाऊन चाक अडकू शकते. सुटलेले पट्टे व दोऱ्याही साखळीत गुंतू शकतात.

भारतातील तरतुदी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार सहप्रवाशासाठी हातपकड, पायटेकण आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक आवश्यक आहे. घरगुती सांगाडा बसवताना डावीकडील ‘साडीगार्ड’ काढून टाकले जाण्याचा संभव असतो. त्यामुळे साडी किंवा ओढणी चाकात गुंतून मागे बसलेल्या व्यक्तीच्या जिवावर बेतू शकते. २०२० मधील दुरुस्तीनुसार मागे बसवायच्या हलक्या पेटीची लांबी ५५० मिमी, रुंदी ५१० मिमी आणि उंची ५०० मिमीपेक्षा अधिक असू नये. पेटी सहप्रवाशाच्या जागेवर असल्यास मागे कोणालाही बसवता येत नाही. मागील दिवा, दिशादर्शक दिवे आणि क्रमांकपट्टी सामानाने झाकली जाणार नाही, हेही पाहावे लागते.