सोसायटीची निवडणूक

सोसायटीची कमिटी म्हणजे बिनपगारी काम. मुलुंडला आमच्याकडे वार्षिक सभेत एकाने नाव सुचवायचे, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे, की झाली कमिटी!

फेब्रुवारी २०१२ मध्ये ९७वी घटनादुरुस्ती लागू झाली. त्यानुसार महाराष्ट्राने २०१३ साली सहकार कायदा बदलला आणि राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण आले. हेतू चांगलाच होता. खुर्चीला चिकटलेल्यांना पाच वर्षांनी मतदारांपुढे उभे राहावे लागणार होते. स्त्रियांसाठी दोन जागा राखीव झाल्या, हे तर मला फारच आवडले. तोवर बायकांचा सहभाग चहा-बिस्किटांपुरता!

पण साखर कारखान्याला आणि वीस बिऱ्हाडांच्या इमारतीला एकच माप? जिथे सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नसते, तिथे मतदार यादी, बाहेरचा निवडणूक अधिकारी, अर्जांची छाननी... आणि खर्च सोसायटीच्याच माथी. शेवटी २०१९ साली शहाणपण सुचले. २५० पर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थांनी आपली निवडणूक आपणच घ्यावी, असे ठरले.

जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनादुरुस्तीतला राज्यांतल्या सहकारी संस्थांबाबतचा भागच रद्द केला, कारण निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेतली नव्हती. राज्याचा कायदा मात्र राहिला, म्हणून पाच वर्षांची मुदतही राहिली.

आता उपनगरांत जिकडेतिकडे पुनर्विकास चालू आहे. कोट्यवधींच्या करारावर सह्या करणार ती हीच, घरच्या घरी निवडलेली कमिटी. आणि टॉवर होऊन सभासद २५१ झाले, की पुन्हा प्राधिकरणाच्या दारात!