ओट्यावरचा ग्रॅनाईट येतो कुठून? पैसे मोजण्याआधी हे बघून घ्या

नांदेड/लातूर : घर लहान असो की मोठं, आता स्वयंपाकघरात ग्रॅनाईटचा ओटा पाहिजेच. पण दुकानात उभी असलेली चकचकीत लादी कुठल्या खाणीतून आली आणि वाटेत तिचं काय काय झालं, हे सहसा कुणी विचारत नाही.

लातूर जिल्ह्यात बहुतेक सगळा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून तो तयार झाला. त्यात भेगा फार, त्यामुळे ओट्याजोगी मोठी सलग लादी सहसा निघत नाही. म्हणून तो खडी क्रशरला जातो. देगलूर, बिलोली, मुखेड, कंधारकडे मात्र राखाडी, गुलाबी झाक असलेला दगड लागतो. तो खरा ग्रॅनाईट, बेसाल्टपेक्षा कितीतरी जुना. पुढे तेलंगणात करीमनगरला याच जातीचा 'टॅन ब्राऊन' निघतो. चांदण्यांसारखे ठिपके असलेला 'ब्लॅक गॅलेक्सी' आंध्रातल्या चिमाकुर्तीचा. गंमत म्हणजे, काळा दगड बाजारात ग्रॅनाईट म्हणून विकला जात असला तरी शास्त्राप्रमाणे तो ग्रॅनाईटच नाही. जात वेगळी, पण ओट्याला तितकाच टणक.

खाणीत आधी वरची माती, मुरूम काढतात. ओळीने भोकं पाडून किंवा हिऱ्याचे मणी ओवलेल्या तारेने ठोकळा कापतात. सुरुंग जोरात उडवला तर आत बारीक तडे जातात. १०० घनफुटांचा ठोकळा साधारण साडेसात टन भरतो. स्वतःच्या सातबाऱ्यावर दगड असला तरी परवान्याशिवाय काढून विकता येत नाही. तो गौण खनिजात मोडतो. रॉयल्टी भरावी लागते, नाहीतर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

कारखान्यात ठोकळ्याच्या लाद्या पडतात. गोल पात्याच्या कटरवर अरुंद लाद्या निघतात, त्या स्वस्त. गँगसॉवर किंवा अनेक तारांच्या मशीनवर रुंद निघतात, त्या महाग. ओटा दोन फूट रुंद, त्याला कटरची लादी पुरते. रुंद लादीचे पैसे उगाच कशाला द्यायचे? मग घासून पॉलिश होतं. बारीक भेगा रेझिनने भरतात, कधी मागून जाळी चिकटवतात. यात फसवणूक नाही, पण जाळी दिसली तर कारण विचारावं.

खरी फसवणूक रंगात होते. फिका दगड काळा करून विकतात. पांढरं फडकं थिनरमध्ये भिजवून लादीच्या कोपऱ्यावर घासा. काळं उतरलं तर लादी तिथेच सोडा. नाण्याने वाजवून बघा, खणखणीत आवाज यावा. बद्द आला तर आत तडा असू शकतो. जाडी कडेला टेपने मोजा. १८ मिलिमीटरची लादी चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरते, म्हणजे १० बाय २ फुटांचा ओटा जवळपास ९० किलो.

कडप्पा स्वस्त पडतो, पण तो चुनखडीचा. लिंबू, चिंच सांडली की चमक जाते. म्हणून कडप्पा खाली टेकूला आणि वर ग्रॅनाईट, ही जोडी बरी.

बसवताना लादी फुटते ती बहुधा सिंक किंवा शेगडीसाठी कापलेल्या जागेजवळ, कारण तिथे पुढे-मागे दोन-तीन इंचांची पट्टीच उरते. त्या पट्टीखाली आधार आहे का, हे गवंडी असतानाच बघा. सिंकच्या बाजूला किंचित उतार ठेवायला सांगा.

कापणी कोरडी करू देऊ नका. या धुळीतल्या सिलिकामुळे फुप्फुसाचा सिलिकोसिस होतो आणि त्यावर उपाय नाही. कारागीर रोज हेच काम करतो. पाण्याची धार सोडायला एक माणूस आणि तोंडाला चांगला मास्क, एवढं तरी घरमालकाने करावं.

भाव ठरवताना मोल्डिंग रनिंग फुटाने वेगळं लागतं, ते आधीच विचारा. सिंकसाठी कापून निघालेल्या तुकड्याचे पैसेही आपणच दिलेले असतात. त्यातून देवघराची फळी निघते, म्हणून कारागिराची गाडी भरायच्या आधी तो मागून घ्या.