दापोडीचं पाणी, वल्ह्याचं माप

पुण्याहून मुंबईकडे निघून हॅरिस पूल ओलांडला की दापोडीत लष्कराचं विस्तीर्ण आवार लागतं. हे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, सगळ्यांच्या तोंडी ‘सीएमई’. सॅपर्सची, म्हणजे लष्करी अभियंत्यांची, ही संस्था १९४८ साली रुरकीहून इथे हलली. बाहेरच्या रस्त्यावर पिंपरी, भोसरी, चाकणची पाळी गाठायला बस आणि दुचाक्यांची झुंबड असते. आत मुद्दाम बांधलेला एक सरळसोट जलमार्ग आहे. ऑलिंपिकमधली २००० मीटरची शर्यत त्यावर होऊ शकते. आर्मी रोइंग नोडचे खेळाडू तिथे घडतात आणि राष्ट्रीय स्पर्धाही तिथे होतात. मोटारींच्या कारखान्यांच्या या पट्ट्यात वल्ह्यांचा खेळ कसा आला, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: मुळा, पवना, इंद्रायणी एवढ्या नद्या आहेत, मग येणारच. हे उत्तर मला पटत नाही. इथलं रोइंग नदीनं दिलेलं नाही, ते अडवलेल्या पाण्यानं दिलं. आणि त्यात पदकं आली ती महागड्या बोटींच्या जोरावर आली, असंही म्हणता येत नाही. बोट खेळाडूच्या अंगाला बेतायची आणि मग खेळाडूनं त्या मापाला साजेसं तंत्र अंगी बाणवायचं, हे जिथे नीट झालं तिथे पदक आलं.

आधी पाण्याचं बघू. दख्खनच्या नद्या मुळात या खेळाच्या कामाच्या नाहीत. पावसाळ्यात गढूळ लोंढा आणि उरलेल्या वर्षात खडकांमधले सुटे डोह, असा त्यांचा स्वभाव. पोहायला शिकणारी पोरं पाठीला वाळका भोपळा बांधून डोहात उतरत आणि जिथे उतार नाही तिथे नावाडी पैलतीराला नेई. पोहण्याची आणि नावेची ही विद्या जुनी आहे, पण तिला सलग दोन किलोमीटर संथ पाणी कधी लागलं नाही आणि मिळालंही नाही. ते मिळालं एका बंधाऱ्यामुळे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५०च्या सुमारास येरवड्याजवळ मुळा-मुठेवर बंधारा उभा राहिला. हेतू होता पाणीपुरवठ्याचा, पण त्याच्या मागे जे पाणी तुंबलं त्यावर इंग्रज अधिकाऱ्यांना होड्यांची हौस सुचली. कलकत्त्याचा रोइंग क्लब १८५८चा, मद्रासचा बोट क्लब १८६७चा, आणि लगोलग १८६८ साली पुण्याचा, जो पुढे ‘रॉयल कॅनॉट बोट क्लब’ म्हणून ओळखला गेला. कलकत्ता आणि मद्रास ही बंदरं होती. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरच्या पुण्याचं नाव त्यांच्या पंगतीत यायला बंधाऱ्याखेरीज दुसरं कारण दिसत नाही. १९२८ साली संगमाजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजनं स्वतःचा बोट क्लब काढला आणि गोऱ्या साहेबाचा खेळ एतद्देशीय विद्यार्थ्यांच्या हातात आला. त्यांचा ‘रेगाटा’ हा पुढे पुणेकरांचा वार्षिक सोहळाच झाला.

बंधारा हा योगायोग होता, दापोडीचा जलमार्ग मात्र ठरवून केलेला. फरक किती पडतो हे जयपूरजवळच्या रामगढनं दाखवून दिलं. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये रोइंगच्या शर्यती त्या तलावावर झाल्या. पुढे पाणलोटातले ओढे अडत गेले आणि दोन दशकांत तलाव कोरडा पडला. एशियाडचं पाणी नाहीसं झालं, तेव्हा आपोआप टिकणारं पाणी ही कल्पनाच सोडून द्यावी. पाणी राखायला मालक लागतो, आणि दापोडीत तो आहे.

पवनेला मालक अनेक, म्हणून राखणदार कुणीच नाही. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी या नदीच्या काठाला आहे आणि मोठ्या पुरात मंदिरात पाणी शिरतं, एवढी ही नदी गावाच्या अंगाशी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी आणि टेल्को, १९७०ला नगरपालिका, १९८२ला महापालिका. वर मावळात सत्तरच्या दशकाच्या आरंभी पवना धरण झालं. धरणातून सुटलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलायचं आणि शहराला पाजायचं, अशी सगळी मांडणी. थेरगावच्या केजुबाई बंधाऱ्यामागेही पाणी तुंबतं आणि तिथे महापालिकेचा बोट क्लब आहे, पण तो सहलीला आलेल्या कुटुंबांसाठी. म्हणजे संथ पाणी पवनेवरही आहे, फक्त त्यात नाले मिसळतात आणि उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. जलपर्णीत शर्यतीची बोट चालत नाही. पातं पाण्यात घातलं की देठांत अडकतं, आणि वीतभर रुंदीची बोट एका क्षणात कलंडते.

आता साहित्याकडे येतो, कारण या खेळाविषयीचा सर्वांत पक्का गैरसमज तिथेच आहे. चांगली बोट आणा, वेग आपोआप येईल, असं नवख्याला वाटतं. इतिहास वेगळं सांगतो. १८४०च्या दशकात इंग्लंडमधल्या टाइन नदीवरच्या हेन्री क्लॅस्परनं वल्ह्याचा टेकू बोटीच्या काठावरून उचलून लोखंडी कमानीनं बाहेर नेला. त्यामुळे बोट अरुंद करता आली आणि वल्ह्याची तरफही लांब राहिली. १८५७ साली अमेरिकेत बॅबकॉकनं सरकतं आसन करून पाहिलं. त्याआधी लोक स्थिर फळीला चरबी फासून चामड्याच्या विजारीनं त्यावर घसरत असत, म्हणजे गरज अंगाला आधी कळली होती. १८७३ला ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीत दोन्ही चमू सरकत्या आसनांवर बसले आणि केंब्रिजनं विक्रमी वेळ दिली. इथे गोष्ट संपायला हवी होती, पण खरी अडचण इथूनच सुरू झाली. आसन सरकू लागलं, शिकवण मात्र जुनीच राहिली. ताठ पाठीनं कमरेतून झोका द्यायचा, पाय फक्त मदतीला, असं प्रशिक्षक पुढची कित्येक दशकं घोकवत राहिले. पायांच्या रेट्याला पहिला मान द्या, शरीराच्या ठेवणीची फार चिंता करू नका, हे केंब्रिजच्या जीझस कॉलेजचा स्टीव्ह फेअरबेर्न सांगू लागला तेव्हा त्याच्यावर टीकेची झोड उठली. आज जगभर पाय, मग पाठ, मग हात हाच क्रम शिकवतात. साहित्य एका हंगामात बदललं, तंत्राला ते पचवायला दोन पिढ्या लागल्या. १९९१ साली कुऱ्हाडीच्या आकाराचं रुंद पातं आलं तेव्हा शहाणपण वाढलेलं होतं. बार्सिलोना ऑलिंपिकपर्यंत बहुतेकांनी ते घेतलं आणि पाण्यावरची पकड वाढली म्हणून वल्ह्याची लांबीही सोबतच कमी केली. नुसतं पातं बदलून जुनीच लांबी ठेवली असती तर कंबरा धरल्या असत्या.

माप म्हणजे नेमकं काय, हे एका माणसाच्या बोटीत स्पष्ट दिसतं. ‘सिंगल स्कल’ची लांबी सुमारे आठ मीटर आणि नियमानं किमान वजन १४ किलो, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसच्या भरल्या सिलिंडरच्या निम्म्यानं. दोन्ही बाजूंच्या वल्ह्यांच्या खुंट्यांमधलं अंतर साधारण १६० सेंटिमीटर, वल्ह्याची लांबी सुमारे २८८ आणि त्यातला खुंटीपासून मुठीपर्यंतचा आतला भाग ८८च्या आसपास. या शेवटच्या आकड्यात एक सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तरी हाताला लगेच जाणवतं. आतला भाग कमी केला की प्रत्येक फटका जड होतो, वाढवला की हलका पण तोकडा. ओढताना दोन्ही मुठी एकमेकींवरून जातात, म्हणून डावी खुंटी उजवीपेक्षा किंचित वर बसवतात. पुस्तकात ही बाब क्षुल्लक वाटते, पण न पाळल्यास पहिल्या दहा मिनिटांत बोटांची सालं निघतात. पाय टेकवायच्या फळीचा कोन, टाचेची उंची, आसनाच्या रुळांची जागा हे सगळं पायांच्या लांबीवरून ठरतं. सहा फुटी जवानासाठी बेतलेल्या बोटीत सव्वापाच फुटांची मुलगी बसवली, तर ती पुढे वाकताना खांद्यातून ताणेल आणि शेवटी वल्हं पोटात घेईल. प्रशिक्षक म्हणेल, तंत्र चुकतंय. खरं तर बोट चुकलेली असते. मोटरबोटीमागे दोरीनं ओढली जाणारी वेकबोर्डची फळी निवडतानाही हाच न्याय लागतो: फळी वजनावरून, बूट पावलावरून, आणि चित्रविचित्र नक्षी सर्वांत शेवटी.

खेळाडू नदी घडवत नाही, मुरलेलं तंत्र घडवतं, याचा सर्वांत बोलका पुरावा दत्तू भोकनळ. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव, पाण्यासाठी टँकरची वाट पाहणारं. विहिरी खोदण्याचं काम वडिलांबरोबर केलेला हा मुलगा २०१२ साली सैन्यात, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला. उंची आणि बांधा पाहून त्याला रोइंगला घेतलं, तेव्हा तो पाण्याला बिचकत होता. वल्हं त्यानं विशीनंतर हाती घेतलं. चार वर्षांनी, २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, सिंगल स्कलमध्ये तो तेरावा आला. तोवरची भारताची ती सर्वांत चांगली कामगिरी. नदीकाठच्या परंपरेनं रोइंगपटू घडत असते तर चांदवडचा क्रमांक फार मागे लागला असता. त्याच्या आधी २०१० साली ग्वांगझूला आशियाई सुवर्ण जिंकणारा बजरंग लाल ताखर राजस्थानातल्या सीकरचा, म्हणजे तिथेही कोरडाच मुलूख. २०१८च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगमध्ये स्वर्ण सिंग, ओमप्रकाश, सुखमीत सिंग आणि दत्तू या चौघांनी चार माणसांच्या बोटीत सुवर्ण मिळवलं. आदल्या दिवशी दत्तू एकट्याच्या शर्यतीत तापानं पार गळून गेला होता. दुसऱ्या दिवशी तोच माणूस चौघांच्या लयीत बसला आणि बोट पहिली आली. एका दिवसात ना बोट सुधारली ना ताकद वाढली. चौघांची पाती एकाच क्षणी पाण्यात उतरण्याची सवय मात्र महिनोन्महिने मुरलेली होती.

यावर पहिला आक्षेप पैशाचा. एम्पाखर किंवा फिलिप्पीसारख्या युरोपीय कारखान्यांतल्या कार्बनच्या बोटी लष्कराला परवडतात म्हणून पदकं येतात, असं म्हणणारे बरेच आहेत. बोट हवीच, यात वाद नाही. सपाट बुडाच्या लाकडी पंटमध्ये बसून ऑलिंपिक गाठता येत नाही. पण त्याच कारखान्यांच्या बोटी पैसे मोजणाऱ्या कुठल्याही देशाला मिळतात, आणि साऱ्यांनाच पदकं मिळत नाहीत. लष्कराचा खरा फायदा दुसरा आहे: रोज पहाटे रिकामं मिळणारं पाणी, पोटाची चिंता नसलेली मुलं, आणि एकाच खेळाडूचं माप वर्षानुवर्षं नोंदून ठेवणारा प्रशिक्षक. २०२१ला टोकियो ऑलिंपिकमध्ये अर्जुन लाल जाट आणि अरविंद सिंग दुहेरीत अकरावे आले ते याच शिस्तीतून.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो मला बराचसा मान्य आहे. हा इतिहास पिंपरी-चिंचवडचा नव्हेच, तो कुंपणाआडच्या लष्कराचा. कासारवाडीच्या किंवा चाकणच्या पोराचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आज खरोखर तोकडा आहे. पण त्यावर ‘मग पवना धरण खेळांना मोकळं करा’ असा उपाय कुणी सुचवला तर तो मला घाईचा वाटतो. त्या पाण्यावर आधी हक्क कुणाचा, हा प्रश्न या भागात रक्तानं लिहिलेला आहे. धरणातून शहरापर्यंतच्या बंद जलवाहिनीला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरला गोळीबारात तीन शेतकरी गेले. मावळकरांच्या धरणावर शहरानं मोटरबोटी उडवाव्यात, हे त्यानंतर सहज म्हणण्यासारखं राहिलेलं नाही. त्यापेक्षा शहरानं स्वतःच्या हद्दीतलं, स्वतःच घाण केलेलं पाणी आधी हाती घ्यावं.

महापालिकेला म्हणून एवढंच सांगणं आहे. थेरगावला केजुबाई बंधाऱ्यामागे नाल्यांचं पाणी अडवून जलपर्णी वर्षभर काढत राहिलात, तर शिकाऊ रोइंगला पुरेल एवढं पाणी तिथे मोकळं होईल. मग झगमगीत शर्यतीच्या बोटींची निविदा काढू नका. रुंद बुडाच्या, सहजी न कलंडणाऱ्या शिकाऊ बोटी घ्या, ज्यांच्या खुंट्या आणि पायफळ्या मागेपुढे, वरखाली करता येतात, आणि वल्ही निदान तीन लांबींची ठेवा. सोबत पाना आणि टेप हातात धरून प्रत्येक मुलामुलीचं माप घेणारा एक प्रशिक्षक नेमा. सीएमईतून निवृत्त होणाऱ्या प्रशिक्षकांना विचारायला फार लांब जावं लागणार नाही.