पत्रीचा न्याय आणि न लिहिलेली वही

आज एका अवघड प्रश्नावर बोलू. जुलमी राज्य जातं, पण त्याला साथ देणारी माणसं आपल्याच गल्लीत राहतात. त्यांचं काय करायचं?

आपल्या सातारा-सांगलीनं हे भोगलंय. १९४२ च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इथं उभं राहिलं. कुंडल हे त्याचं मोठं केंद्र. इंग्रजांच्या कोर्टाऐवजी गावोगावी न्यायदान मंडळं भरायची. जमिनीचे, भाऊबंदकीचे तंटे तिथंच मिटायचे. कमी खर्चात गांधी-विवाह लागायचे. दरोडेखोर, बायकांची छेड काढणारे आणि पोलिसांचे खबरे यांना मात्र कडक शिक्षा. काठीनं तळपाय सडकायचे. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात तशी माणसाला ठोकतात, असं लोक बोलू लागले आणि 'पत्री सरकार' नाव पडलं.

यात बायकाही होत्या. नानांच्या लेक हौसाताई पाटील आपल्या विट्याच्याच. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी मार खाण्याचं सोंग केलं. पोलीस सोडवायला बाहेर आले, तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. २०२१ साली हौसाताई गेल्या.

१९४६ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, भूमिगत मंडळी उघड झाली, पुढं स्वातंत्र्य मिळालं. पण ज्याच्या पायावर काठी बसली त्याचं घर गावातच राहिलं.

आमच्या एका गटात दोघी शेजारी बसत नसत. विचारलं तर कळलं, एकीच्या आजेसासऱ्याला 'खबऱ्या' म्हणून मार बसला होता. खरंच खबरी दिली होती, की बांधाच्या वादातून कुणी नाव घातलं होतं? दोन्ही घरांत कागद नाही. सांगणारं कुणी उरलं नाही. नातसुनेच्या कपाळी मात्र तो शब्द आहे.

आता जरा लांबचं सांगतो. पूर्व जर्मनीत चाळीस वर्षं कम्युनिस्ट पक्षाचं राज्य होतं. आपल्याकडं कम्युनिस्ट मतपेटीतून आले. नाना पाटील स्वतः १९५७ साली त्याच पक्षातर्फे साताऱ्याचे खासदार झाले. तिकडं मात्र दुसऱ्याला मत द्यायची सोयच नव्हती. 'स्टासी' नावाचे गुप्त पोलीस शेजाऱ्याकडून शेजाऱ्याची खबर काढायचे आणि सगळं लिहून ठेवायचे.

नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली, तसे ते कागद जाळायला लागले. ४ डिसेंबरला एरफुर्ट शहरातल्या बायकांनी पुढाकार घेऊन त्यांची कचेरी ताब्यात घेतली. कागद वाचले. १९९१ साली कायदा झाला आणि १९९२ पासून ज्याची फाईल त्याला वाचायला मिळू लागली. एका खासदारबाईंना कळलं, आपली खबर देणारा आपला नवराच होता. तो संसार मोडला. म्हणजे खरं कळल्यावर मनं जुळतातच असं नाही. पण निरपराध माणसाच्या अंगावरचा डागही कागदाशिवाय निघत नाही.

आपल्या माणसांना दोष द्यायला आम्ही बसलेलो नाही. त्यांच्या डोक्यावर वॉरंट होतं, हाताशी तुरुंग नव्हता, वेळ नव्हता. त्यांनी बाईला गावात न्याय मिळवून दिला, हे मोठंच. पण शिक्षा झाली आणि तिची नोंद घरापर्यंत पोचली नाही, तर मागं उरते ती कुजबुज.

बचत गटात आपण दहा रुपयेसुद्धा वहीत लिहितो, सही घेतो. का? उद्या कुणी कुणाला चोर म्हणू नये म्हणून. भांडण मिटवतानाही तेच करू. दोन्ही बाजू ऐकू, इतिवृत्तात लिहू, दोघींना वाचून दाखवू.

त्या दोघींना आम्ही एकदा समोरासमोर बसवलं. खरं-खोटं ठरलं नाही. पण 'ठरवता येत नाही' एवढं दोघींनी मान्य केलं, आणि तेच वहीत लिहून खाली सह्या झाल्या. पुढच्या बैठकीला दोघी एकाच सतरंजीवर बसल्या होत्या.

तुमच्या गावात अशी गोष्ट असेल, तर सांगणारी म्हातारी माणसं आहेत तोवर लिहून घ्या.