वर्ष माफ, विषय नाही

१९९७ साली डिप्लोमा संपवून मी डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसलो. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर कॅन्टिलिव्हर बीम काढला. एक टोक भिंतीत, दुसऱ्यावर भार, खाली शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटची आकृती. ही आकृती मी डिप्लोमाला काढली होती, त्या पेपरात पासही झालो होतो. वहीत ती पुन्हा उतरवून घेताना राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही.

शिवडीला टी. जे. रोडजवळ आमची चाळीतली खोली. वडील स्वान मिलच्या साचाखात्यात. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, तेव्हा मी चार वर्षांचा. त्यानंतर वडील एकच सांगत, "मशीन चालवायला सगळेच शिकतात, तू ते कागदावर काढायला शीक." आमच्या वस्तीतल्या कितीतरी पोरांनी दहावीनंतर आयटीआय किंवा डिप्लोमाची वाट धरली, ती घरात लवकर पगार यावा म्हणून.

या शहरात ती वाट जुनी. इंजिनिअरिंगची विद्यापीठाची परीक्षा द्यायची तर पुण्याचं १८५४ सालचं कॉलेज होतं. मुंबईत गिरण्यांना मशीन जाणणारी माणसं हवी होती, म्हणून १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. आधी भायखळ्याला, १९२३पासून माटुंग्याला. आज तिच्या नावात वीरमाता जिजाबाई आहेत. तिथला एल.एम.ई. हा डिप्लोमाच, पण तो नावापुढे लावणाऱ्या माणसाला गिरणीत मान होता. पदवीचे वर्ग तिथे फार पुढे आले. म्हणजे गिरणगावाला डिप्लोमा आधी कळला, डिग्री नंतर.

डिप्लोमावाल्याला दुसऱ्या वर्षात घेण्यामागचा हिशेब सरळ आहे. दहावीनंतरची त्याची तीन वर्षं म्हणजे अकरावी, बारावी आणि डिग्रीचं पहिलं वर्ष. बारावी करून आलेल्यालाही दहावीपासून सहाच वर्षं लागतात, आपल्यालाही सहाच. वर्षं मोजली तर अन्याय दिसत नाही.

विषय मोजले की दिसतो. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, थिअरी ऑफ मशीन्स, थर्मल हे आम्ही डिप्लोमाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शिकलो. डिग्रीला तेच विषय दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतात. तिथे एकही पेपर माफ नाही. सूट मिळते ती पहिल्या वर्षाची, आणि त्या वर्षाचं गणित नेमकं आम्ही पुरेसं केलेलं नसतं. तिसऱ्या सेमिस्टरच्या मॅथ्सला लाप्लास आणि फुरिए समोर आले. बारावीवाल्यांचा हात इंटिग्रेशनवर बसलेला, माझा मायक्रोमीटरवर. माझी त्या पेपरात के.टी. लागली. जे येत होतं ते पुन्हा शिकवलं गेलं आणि जे येत नव्हतं ते येतं असं धरलं गेलं.

डिग्रीवाल्यांचं म्हणणंही मी ऐकलं आहे. पेपरचं नाव एक असलं तरी खोली वेगळी, डिप्लोमाला सूत्र वापरायला शिकवतात, डिग्रीला ते सिद्ध करायला. काही पेपरांच्या बाबतीत हे खरंच आहे. पण मग दोन अभ्यासक्रम शेजारी ठेवून पेपरागणिक ठरवावं. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. त्यांचे पेपर धरले जातात ते बहुतेक पहिल्या दोन वर्षांचे, वरच्या वर्षांचे विद्यापीठातच करावे लागतात. तरी तिथे निदान एकेका पेपरावर बोलणं होतं.

आता आपल्याकडेही साधन आलं आहे. २०२१ साली अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम आले, २०२३ साली राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. त्यात ३० तासांचं एक क्रेडिट, वर्षाला ४०. पण खात्यात जमा झालेलं क्रेडिट कुठल्या पेपराऐवजी धरायचं, हे शेवटी प्रवेश देणारी संस्थाच ठरवते.

म्हणून डिप्लोमा करणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला माझं सांगणं आहे. मार्कशीटबरोबर प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम जपून ठेवा. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला लेखी विचारा, यातला कुठला पेपर धरणार आणि कुठला नाही. आणि विद्यापीठांना विनंती आहे, आम्हाला वर्ष माफ करू नका. आलेला विषय माफ करा, आणि राहिलेलं गणित आधी शिकवा.